माळव्यातील ठसाछपाई : बागचा लाल आणि तारापूरचा निळा

बाग हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, कुक्षी तालुक्यात वसलेले गाव. गुहांतील प्राचीन भित्तिचित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेच. परंतु बाजारपेठांत त्याचे नाव पोहोचले ते लाल-काळ्या ठसाछपाईमुळे. सिंधमधून मारवाडमार्गे माळव्यात आलेल्या खत्री समाजाच्या कारागिरांनी ही कला येथे रुजवली. भिल्ल व भिलाला स्त्रियांचे घागरे आणि ओढण्या हे तिचे मूळ क्षेत्र होय.

माळव्याच्या छपाईत दोन परस्परविरुद्ध तत्त्वे आढळतात. बाग येथे रंगाला बोलावले जाते. धुऊन तयार केलेले कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. चिंचोक्याच्या खळीत मिसळलेल्या तुरटीने व लोहक्षाराने त्यावर ठसे उमटवतात. वाहत्या पाण्यात ते विसळून घेतल्यावर तांब्याच्या कढईत अलिझारीन आणि धावड्याच्या फुलांसह उकळतात. तुरटीच्या जागी लाल आणि लोहाच्या जागी काळा रंग पक्का बसतो. पूर्वी लाल रंग आल या झाडाच्या मुळांपासून काढीत. 1869 नंतर कारखान्यातील अलिझारीनने त्याची जागा घेतली. या साऱ्या कामाचा आधार बाघिनी नदी आहे. वाहते पाणी नसेल, तर सुटा रंग पांढऱ्या जागी पसरतो.

निळीला मात्र बोलावता येत नाही. ती पाण्यात विरघळत नाही; कुंडात तिचे रूप पालटावे लागते. कापड कुंडातून पिवळसर-हिरवे निघते आणि हवा लागताच निळे होते. तुरटीची तिला गरज नाही. म्हणून जी जागा पांढरी राखायची, ती लेपाने झाकावी लागते. नीमच जिल्ह्यातील तारापूरची 'नांदणा' छपाई याच पद्धतीची. चंपाकळी, मिरची, आंबा असे नक्षीचे ठसे तिच्यात वापरतात. छपाईचे ठिकाण धारपासून दूर असले, तरी ही वस्त्रे नेसणाऱ्या भिल्ल स्त्रियांचा मुलूख एकच.

अशाच भारतीय छापील सुताने युरोपला वेड लावले होते. पोर्तुगीजमधील 'शिता' आणि इंग्रजीतील 'चिंट्झ' ही नावे 'छीट'वरूनच आली. रेशीम व लोकर विणकरांच्या हितासाठी फ्रान्सने 1686 मध्ये अशा कापडावर बंदी घातली. ती 1759 पर्यंत टिकली, पण कापड येतच राहिले. दरम्यान 1742 मध्ये गास्तों-लोरां केर्दू या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगाऱ्यांची पद्धत पत्रातून मायदेशी कळवली. पुढे फ्रेंच कारखाने स्वतःच छपाई करू लागले. निळ्या भुईवर पांढरी नक्षी राखलेले कापड तेथील रजयांच्या वरच्या थरात आले; त्या रजया आज संग्राहक जपतात. ज्ञान देणाऱ्या रंगाऱ्यांची नावे मात्र त्या इतिहासात गौण राहिली, हे नोंदवायला हवे.

इकडे घागरा झिजला की त्याचे तुकडे गोधडीत जातात, गोधडी विटली की पोतेरे होते. गिरणीच्या व कृत्रिम धाग्याच्या स्वस्त कापडाने आदिवासी बाजारातील गिऱ्हाईक हिरावले, तेव्हा बागचे कारागीर साड्या, चादरी व पडद्यांकडे वळले. बाग छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; पण जाळीवर छापलेल्या नकला त्याच नावाने विकल्या जातात. घेताना कापड उलटून पाहावे. अस्सल बाग छपाईचे कापड उकळून रंगवलेले असल्याने रंग आरपार मुरलेला असतो, आणि ठशांच्या जोडावर हाताची किंचित चूक सापडते.