दोषसंकेत आणि निदान : मोटारीच्या इंजिन-नियंत्रकाच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासावरील लेखन बहुधा कारखाने, उद्योगपती आणि नवनवी इंजिने यांच्याभोवती फिरते. बिघडलेली मोटार दुरुस्त करणाऱ्यांच्या ज्ञानाचा इतिहास त्यात अभावानेच आढळतो. कार्ब्युरेटरच्या काळात गॅरेजमधील कारागीर इंजिनाचा आवाज ऐकून आणि स्पार्क प्लगवरील काजळीचा रंग पाहून दोष ओळखत असे. इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पेटीकडे, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट किंवा ईसीयूकडे गेल्यावर दोष सांगण्याचे काम अंशतः यंत्राकडेच आले. या बदलामागील मुख्य प्रेरणा कारागिराची सोय ही नव्हती, तर प्रदूषणविषयक कायदे ही होती. त्या उगमाचा ठसा आजच्या निदानपद्धतीवरही कायम आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभीचे नियंत्रक

१९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी पद्धती आणली. क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांवर ती बसविण्यात आली. परंतु तिच्यातील इलेक्ट्रॉनिक घटक मोटारीतील कठोर परिस्थितीत टिकेनात. अखेर बहुतेक गाड्यांची ही यंत्रणा काढून त्यांना कार्ब्युरेटर बसविण्यात आले. पेटीच काढून टाकणे हा दुरुस्तीचा सोपा मार्ग तेव्हा खुला होता! पेटंटांचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले आणि १९६७ मध्ये तिची ‘डी-जेट्रॉनिक’ पद्धती फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली. हा नियंत्रक अ‍ॅनालॉग होता. त्याला स्मृती नव्हती. मीटर घेऊन जोडणीतील प्रत्येक तारेचा विद्युतदाब व रोध मोजणे, हेच निदान होते. काम कष्टाचे असले, तरी मंडलाचा नकाशा हाती असलेल्या कोणालाही ते करता येत असे.

१९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर चित्र पालटले. धुरातील तीन प्रमुख प्रदूषकांचे एकाच वेळी विघटन करणाऱ्या उत्प्रेरकाला हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी निकट लागते. ते राखण्यासाठी धुरातील ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो गाडीवर आला. १९७९ मध्ये बॉशची ‘मोट्रॉनिक’ ही डिजिटल पद्धती बीएमडब्ल्यूवर आली. १९८१ पासून जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या पेट्रोल मोटारींवर संगणकीय नियंत्रण सरसकट आणले. आता पेटी काढून टाकणे शक्य नव्हते.

दिव्याच्या लुकलुकीपासून प्रमाणित संकेतांपर्यंत

जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत डॅशबोर्डखालील जोडणीची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकू लागे. एक चमक, थोडा विराम, मग दोन चमका, म्हणजे संकेत १२. इंजिन बंद असताना तो येणे स्वाभाविक असे. पेटीची स्वयंपरीक्षा चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. नंतर खरे दोषसंकेत येत. मात्र प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून अंतर्गत निदानयंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत ओबीडी-२ लागू झाली. सोळा पिनांची एकच जोडणी आणि समान दोषसंकेत ही तिची देणगी. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी असाच नियम २००१ मध्ये आला. भारतात एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ मानके आधी दिल्ली परिसर व मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत लागू झाली. त्यांच्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा.

संकेत म्हणजे निदान नव्हे

ओबीडी-२ मध्ये दिवा पेटण्याचा एक प्रमुख निकष असा की, दोषामुळे प्रदूषण विहित मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याचा संभव असावा. अर्थात यंत्रणेचा मूळ प्रश्न ‘हवा बिघडते आहे काय?’ हा आहे. ‘कोणता भाग बिघडला?’ हा नव्हे. पी ०१७१ हा संकेत मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो. त्याचे कारण फाटलेली निर्वात नळी, दुबळा इंधनपंप, मळलेला हवामापक किंवा संवेदकाच्या अलीकडे गळणारी धुराची नळी, यांपैकी काहीही असू शकते. संकेत वाचून थेट संवेदक बदलणे ही म्हणूनच या व्यवसायातील जुनी व खर्चिक सवय ठरली आहे.

ईसीयूबाबत ही घाई अधिकच महाग पडते. एकच संवेदक आतून शॉर्ट झाला, तर अनेक संवेदकांना मिळणारा ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा कोसळतो. मग परस्परांशी असंबद्ध भासणारे संकेत एकदम उमटतात आणि दोष पेटीवर ढकलला जातो. गंजलेल्या अर्थिंगमुळेही तसेच घडते. अनुभवी कारागीर म्हणून प्रथम पुरवठा व अर्थिंग भार चालू असताना मोजतो, एकेक संवेदक सोडवून पाहतो आणि सर्वांत शेवटी पेटी उघडतो.

पेटीच्या आत

पेटी खरोखरच बिघडते, तेव्हा दोषांचे काही ठरावीक प्रकार आढळतात. १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या मित्सुबिशी गाड्यांच्या ईसीयूंमध्ये कपॅसिटरमधील द्रव गळून बोर्डावरील तांब्याच्या रेषा खात असे. वेळीच कपॅसिटर बदलले, तर अल्प खर्चात पेटी वाचे. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी सोल्डरचे सांधे तडकतात. मग गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड होताच सुरू होते. इग्निशन कॉइल शॉर्ट झाली की तिला चालविणारा ट्रान्झिस्टर जळतो. कॉइल न बदलता केवळ ट्रान्झिस्टर बदलल्यास तोही जळतो. ही दुरुस्ती वस्तुतः रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या विद्येची. मोटार कारागीर आणि इलेक्ट्रॉनिक कारागीर या दोन परंपरा येथे एकत्र आल्या.

१९९० च्या दशकात चोरीविरोधी इमोबिलायझरचा प्रसार झाल्यावर नवा अडसर आला. अशा गाड्यांत दुसऱ्या गाडीची तशीच पेटी बसवूनही इंजिन सुरू होत नाही. किल्लीची ओळख तिच्या स्मृतीत जुळवावी लागते. त्यासाठी लागणारी साधने मात्र बहुतांशी कंपन्यांच्या ताब्यात राहिली.

माहितीवरील हक्क

दोषसंकेतांच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली स्टिअरिंगची स्थिती, वेग इत्यादींवरून प्रदूषण-चाचणी ओळखे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई, पण दिवा पेटत नसे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. उपायाचा गाभा नवी आज्ञावली भरणे हा होता.

आज्ञावली व निदानसाधने यांवरील मक्तेदारीचा प्रश्न भारतात त्याआधीच ऐरणीवर आला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानसाधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्याचा आदेशही त्यात होता. काही कंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि मोटारींचा त्यात समावेश केला. मात्र पोर्टलवर माहिती देणे आणि ईसीयूची स्मृती उघडण्याची मुभा देणे या भिन्न गोष्टी आहेत. लहान गॅरेजाचे काम अडते ते दुसऱ्या ठिकाणी.