मे महिन्यातली पाने

गडचिरोली जिल्ह्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक भूभागावर जंगल आहे. त्यातले मिश्र जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले पट्टे, तोडून सागाचे रोपवन लावले तर हवामानाचे काय बिघडते, असा प्रश्न वडशाकडे जाणती माणसेही विचारतात. त्यांचा युक्तिवाद असा: झाड गेले, झाड आले. साग इथलाच, आणि त्याचे लाकूड दारे-खिडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, म्हणजे कार्बनही तिथेच अडकून राहतो.

साग इथलाच, हे खरे. आलापल्लीच्या सागाची कीर्ती आजची नाही. पण त्यावरून पुढचे काही सिद्ध होत नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1972 मध्ये मानवनिर्मित वनांची शिफारस केली आणि 1974 मध्ये महाराष्ट्राचे वन विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा डोळ्यांसमोर लाकडाचे उत्पन्न होते. हवामानाचे समर्थन त्याला मागाहून चिकटले. वनाच्या मोजणीनेही या समर्थनाला हातभार लावला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के छत्र असले की ते वनाच्छादन. झाड कोणते, याला त्यात महत्त्व नाही.

महत्त्व कुठे आहे, ते उन्हाळ्यात दिसते. वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीत पारा 47 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा साग बहुतांशी निष्पर्ण असतो. मिश्र जंगलात मात्र कुसुमाची तांबडी पालवी तोवर हिरवी झालेली असते, फुले गळून गेलेल्या मोहाला नवी पाने आलेली असतात, नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ हिरवेच असतात. तेंदूपानांचा हंगाम मे महिन्यात भरतो, तो पाने तेव्हा कोवळी असतात म्हणूनच. जिवंत पान सावली देते आणि मुळांनी खोलातून ओढलेले पाणी हवेत सोडते. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. ऐन आणि धावडाही उन्हाळ्यात उघडे पडतात, हे मान्य. पण मिश्र जंगलात सगळी झाडे एकाच वेळी उघडी पडत नाहीत, आणि माझा सगळा भर यावरच आहे. निव्वळ सागाच्या रोपवनात खाली वाळक्या पानांचा थर साचतो, वणवा लागला की तो जळून माती उघडी पडते. मग पावसाळ्यात सागाच्या रुंद पानांवरून ओघळणारे मोठे थेंब तीच माती उखडतात.

कार्बनच्या मुद्द्याला युरोपचे उत्तर आहे. 2016 मध्ये किम नॉड्ट्स आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की 1750 पासून तिथले वनक्षेत्र सुमारे दहा टक्के वाढले, तरी तापमानवाढ रोखायला त्याचा उपयोग झाला नाही. लाकूड सतत काढले गेले आणि रुंदपर्णी झाडांच्या जागी गडद सूचिपर्णी झाडे आली. सूचिपर्णींचा मुद्दा वडशाला लागू होत नाही. क्षेत्र वाढले म्हणून परिणाम चांगलाच होईल, हे गृहीतक मात्र युरोपात खोटे ठरले.

साग लावूच नये, असे मी म्हणत नाही. कूप तोडताना मोह, तेंदू, चारोळी, कुसुम उभे ठेवावेत आणि सागाला त्यांच्यात जागा द्यावी. रोपवनाच्या नोंदीत जगलेल्या रोपांची टक्केवारी लिहिली जाते. त्या कुपातून कोणत्या जाती गेल्या आणि मे महिन्यात छत्र किती उरले, हेही तिथे लिहिले जावे. ते आकडे समोर येईपर्यंत सागाचे रोपवन मिश्र जंगलाची भरपाई करते, हा दावा सिद्ध झालेला नाही.