सीए १९-९ (प्रकरण चौथे, तळटीप ७)

७. सीए १९-९ : ढोकीहून बार्शीला नेल्यावर वडिलांच्या रिपोर्टात आलेले हे नाव एका कर्बोदक प्रतिजनाचे, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळीचे आहे. रासायनिक ओळख सायलिल लुइस-ए. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की व सहकाऱ्यांनी १९७९ साली त्याची नोंद केली. निरोगी जठराच्या अस्तरावर रक्तगटांशी नाते असलेल्या शर्करा असतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यांतल्या लुइस-बीला धरून अस्तराला चिकटतो. त्याने होणारा दाह वर्षानुवर्षे टिकला की अस्तराचे रूप आतड्यासारखे होऊ शकते. तेव्हा काही साखळ्या अपुऱ्या राहतात, काहींच्या टोकाला सायलिक आम्ल जोडले जाते आणि सायलिल लुइस-ए, सायलिल-टीएन अशी प्रतिजने दिसू लागतात. कर्करोगात ती वाढून रक्तातही उतरू शकतात. रक्तातील नेहमीची मर्यादा दर मिलिलिटरला ३७ युनिट धरतात. मात्र पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत आणि स्वादुपिंडाच्या दाहातही आकडा चढतो. उलट, जन्मतः लुइस प्रतिजने नसलेल्यांमध्ये कर्करोग असूनही तो सहसा चढत नाही. त्यामुळे जठराच्या कर्करोगाचे निदान या आकड्यावर करत नाहीत. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीवर करतात. प्रकरणात आलेला ‘बार्शीचा दवाखाना’ म्हणजे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली.