डोंबिवलीचं घर स्वस्त का पडलं?

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका. आजची गोष्ट डोंबिवलीची आहे.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे डोंबिवलीवरून गाडी जायला लागून पावणेदोनशे वर्षं होत आली. पण इथली गर्दी त्या मानानं अगदी अलीकडची. असं का? त्यासाठी आपल्याला गिरगाव-परळच्या चाळीत जावं लागेल.

१९४७ साली भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना मोठा आधार मिळाला, हे खरंच. पण भाड्यात कमाई उरली नाही, तसं मालकांनी नव्या चाळी बांधणं सोडलं. जुन्यांची दुरुस्तीही रखडली. खोली हवी? मग पागडी मोजा! इकडे पोरं मोठी झाली, लग्नाला आली, आणि खोली तेवढीच.

१९६०चा सहकारी संस्था कायदा, १९६३चा मालकी फ्लॅटचा कायदा, यांमुळे मध्यमवर्गाला मालकीच्या ब्लॉकचा रस्ता मोकळा झाला. मुंबईत तो परवडेना, म्हणून लोक रुळांच्या कडेकडेनं पुढे सरकले. १९८२च्या गिरणी संपानंतर तर अनेकांनी चाळीतली खोली सोडून इकडची वाट धरली. इथे वेगळं स्वयंपाकघर होतं, आणि मुख्य म्हणजे संडास घरात होता. रांगेत बादली घेऊन उभं राहिलेल्यांना विचारा त्याची किंमत!

पण सीएसएमटी इथून सुमारे ४८ किलोमीटर. घरातून ऑफिस आणि परत, रोजचे तीन तास धरा. पंचवीस दिवसांचे झाले ७५ तास. म्हणजे दर महिन्याला तीन अख्खे दिवस-रात्र प्रवासात, तेही बहुतेक उभ्यानं. बँकेचा हप्ता वीस वर्षांत फिटतो. हा रिटायर होईपर्यंत चालू. लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या बायका, कोपऱ्याकोपऱ्यावरची पोळीभाजी केंद्रं, हे सगळं त्या वेळेच्या टंचाईतूनच आलंय.

आणि कधीकधी किंमत वेळेवर थांबत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून प्रवासी पडले, काहींचा जीव गेला.

म्हणून घर बघायला जाल, तेव्हा 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ऐकून हुरळू नका. सकाळची ८ची लोकल पकडून एकदा ऑफिसला जाऊन बघा, मगच टोकन द्या.