फर्माइश, श्रोता संघ आणि पॉडकास्टची शिफारस

ध्वनिप्रक्षेपणाचा इतिहास बहुधा केंद्रांचा, यंत्रांचा आणि निवेदकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. श्रोता त्यात सर्वांत शेवटी येतो, आणि आला तरी एखाद्या आकड्याच्या रूपाने येतो. प्रत्यक्षात मात्र कोणता कार्यक्रम टिकला आणि कोणता विस्मरणात गेला, याचा निवाडा करण्यात श्रोत्यांनी एकमेकांना दिलेल्या सल्ल्याचा वाटा मोठा होता. दक्षिण आशियात तर १९५० नंतरच्या तीन-चार दशकांत या सल्ल्याला ठरीव रूप आणि स्वतःची संघटनाही लाभली. आज पॉडकास्टचे, म्हणजे इंटरनेटवरून हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या आणि सवडीने ऐकता येणाऱ्या ध्वनिकार्यक्रमांचे, श्रोते आपल्या आवडीचे कार्यक्रम इतरांना सुचवतात. ही रीत नव्या तंत्राबरोबर आली असे वरवर पाहता वाटते, परंतु तिची पूर्वपीठिका रेडिओच्या फर्माइशीत आणि श्रोता संघांत आहे.

या परंपरेचा आरंभ टंचाईतून झाला. १९५२ ते १९६२ या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते, तसेच हिंदी चित्रपटगीतांना तेथून जवळजवळ हद्दपार करण्याचा ठपकाही त्यांच्यावरच येतो. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे चित्रपटाची फुकट जाहिरात करणे, अशी भूमिका घेऊन ते नाव वगळले जाऊ लागले, गाण्यांच्या निवडीला चाळणी लागली, आणि निर्मात्यांशी या प्रश्नावर वाद विकोपाला गेल्यावर लोकांच्या ओठांवरची गाणी सरकारी रेडिओवर दुर्मीळ झाली. ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबो येथे बसवलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर या केंद्राच्या हाती आले होते. लघुलहरी वातावरणाच्या आयनांबर नावाच्या उंच थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचत असल्यामुळे कोलंबोचा आवाज भारतभर ऐकू येई. कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण मात्र बव्हंशी मुंबईत होत असे, आणि मुद्रित फिती विमानाने कोलंबोला धाडल्या जात.

याच व्यवस्थेतून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. टूथपेस्टच्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या या कार्यक्रमाचे आरंभीचे रूप स्पर्धेचे होते. सात गाणी वाजवली जात, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवावा अशी अपेक्षा असे, आणि विजेत्याला १०० रुपयांचे बक्षीस मिळे. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीत होते, आणि आठवड्याला २५ रुपयांच्या मोबदल्यात संहिता लिहिण्यापासून आलेली पत्रे तपासण्यापर्यंतची सगळी कामे त्यांच्याकडेच होती. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे हा ओघ आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला, असे त्यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितले आहे. पत्रांचा हा डोंगर उपसणे अशक्य झाल्यावर स्पर्धा मागे पडली आणि तिच्या जागी लोकप्रियतेनुसार गाण्यांची चढती श्रेणी लावण्याची पद्धत आली. श्रेणीतील प्रत्येक पायरीला ‘पायदान’ हा शब्द याच कार्यक्रमाने रूढ केला.

गीतमालेच्या बरोबरीने फर्माइशी कार्यक्रमांची, म्हणजे श्रोत्यांच्या मागणीवरून गाणी वाजवणाऱ्या कार्यक्रमांची, प्रथा फोफावली. फर्माइशीच्या पत्राची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. पोस्टकार्डावर आधी गाण्याचे पहिले शब्द, मग चित्रपटाचे नाव, त्यानंतर मागणी करणाऱ्यांची यादी आणि अखेरीस गाव, असा तिचा क्रम असे. यादीत घरातली थोरली माणसे, भावंडे, शेजारीपाजारी आणि शेवटी ‘सर्व मित्रमंडळी’ असा घोळका असे, आणि निवेदक तो एका दमात वाचून दाखवी. मागितलेले गाणे बहुतेक वेळा आधीच सर्वांना ठाऊक असे. तेव्हा पत्रलेखकाला त्या गाण्याचा शोध लावून द्यायचा नसे. हे गाणे पुन्हा ऐकण्याजोगे आहे आणि आम्ही अमुक गावचे अमुक लोक त्याला साक्ष आहोत, असे जाहीरपणे म्हणणे हेच त्या पत्राचे खरे कार्य होते. त्या अर्थाने फर्माइश ही केंद्राकडे केलेली मागणी होती, तशीच इतर श्रोत्यांपुढे ठेवलेली शिफारसही होती, आणि तिला वजन येई ते खाली लिहिलेल्या नावागावामुळे.

हे नाव देशभर दुमदुमावे यासाठी काही गावांत अक्षरशः अहमहमिका लागली. तत्कालीन बिहारमधील, आता झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात असलेले झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या व्यापाराचे गाव त्यांत अग्रगण्य ठरले. अभ्रक हे विजेच्या उपकरणांत उष्णतारोधक आणि विद्युतरोधक म्हणून वापरले जाणारे खनिज. त्याच्या निर्यातीमुळे गावात पैसा खेळत होता, परंतु देशाला गावाची ओळख पटली ती फर्माइशींमुळे. हे नाव इतक्या वेळा उच्चारले गेले की असे गाव खरोखर नसावे, निवेदकांनीच ते गमतीने रचले असावे, अशी समजूत अनेकांत पसरली होती.

श्रोत्यांचा हा कल ओळखून आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती ही मनोरंजनाची सेवा सुरू केली आणि फर्माइशी पत्रांना आपले दार उघडले.  मराठी श्रोत्यांसाठी आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमाने तीच प्रथा भावगीते, नाट्यपदे आणि मराठी चित्रपटगीते यांच्यापर्यंत आणली. रेडिओसाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागण्याचा तो काळ असल्याने अनेक वस्त्यांत एका संचाभोवती चार घरांची माणसे जमत, आणि एका पोस्टकार्डावर अनेक नावे येण्यामागे हे एकत्र ऐकणेही होते.

या एकत्र ऐकण्याला पुढे श्रोता संघांचे रूप आले. एका गावातील वा मोहल्ल्यातील रेडिओप्रेमींनी नाव, अध्यक्ष आणि चिटणीस ठरवून स्थापन केलेले मंडळ म्हणजे श्रोता संघ. गीतमालेची श्रेणी लावताना ध्वनिमुद्रिकांच्या खपाचे आकडे पुरेसे विश्वसनीय नाहीत असे आढळल्यावर देशभरच्या अशा संघांकडून साप्ताहिक पसंती मागवली जाऊ लागली, आणि श्रोत्यांचे मत कार्यक्रमाच्या रचनेचा भागच बनले. श्रोत्यांच्या मंडळाला शासकीय मान्यता देणारा एक प्रयोग मात्र यापूर्वीच महाराष्ट्रात झाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ ग्रामीण मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे शेती आणि ग्रामजीवनावरील २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले, प्रत्येक कार्यक्रमानंतर मंडळाने चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावेत अशी योजना होती, आणि तिचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. या मंडळांत विषय केंद्र ठरवी आणि श्रोते त्यावर बोलत. श्रोता संघांत विषयाची निवडच श्रोत्यांची असे. पहिली योजना शासनाच्या पाठबळाने चालली, तर दुसरी केवळ हौसेवर कितीतरी वर्षे तगली.

तिसरी आणि कमी परिचित शाखा डीएक्सिंगची होती. दूरदूरची केंद्रे लघुलहरींवर शोधून काढण्याच्या छंदाला हे नाव आहे. असा छंदी श्रोता केंद्राला ग्रहण-अहवाल पाठवी, ज्यात ध्वनीची तीव्रता, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा यांना पाचपैकी गुण दिलेले असत. या गुणपद्धतीला ‘सिन्पो’ म्हणतात. अहवाल पटल्यास केंद्र ‘क्यूएसएल कार्ड’ नावाचे सचित्र पोचपत्र धाडी. आपल्याला सापडलेल्या केंद्राची कंप्रता आणि वेळ हे श्रोते परिपत्रकांतून परस्परांना कळवत. फर्माइशीत सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीची वाहवा होती. येथे इतरांना ठाऊक नसलेल्या गोष्टीचा पत्ता दिला जात होता, आणि आजच्या पॉडकास्ट-शिफारशीचे अधिक जवळचे नाते या दुसऱ्या रीतीशी आहे.

पॉडकास्टने टंचाईचे गणित उलटे केले. २००० च्या अखेरीस अमेरिकेतील डेव्ह वाइनर यांनी आरएसएस फीडमध्ये, म्हणजे नवा मजकूर आपोआप वर्गणीदाराकडे पोहोचवणाऱ्या यादीत, ध्वनिफीत जोडण्याची सोय केली. २००३ मध्ये पत्रकार क्रिस्टोफर लायडन यांच्या मुलाखती याच मार्गाने वितरित झाल्या, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधील लेखात बेन हॅमर्सली यांनी या प्रकाराला सुचवलेल्या नावांपैकी ‘पॉडकास्टिंग’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅडम करी यांनी सुरू केलेल्या ‘डेली सोर्स कोड’मध्ये इतरांच्या पॉडकास्टची ओळख करून देण्याला ठळक जागा होती, याचा अर्थ असा की या माध्यमाच्या अगदी आरंभीच्या कार्यक्रमांतच शिफारस हे एक अंग होते. २८ जून २००५ रोजी अ‍ॅपलने आयट्यून्सच्या ४.९ या आवृत्तीत ३,००० हून अधिक पॉडकास्टची सूची दिली, पहिल्या दोन दिवसांत वर्गणीची संख्या १० लाखांवर गेली, आणि निवडीचा अधिकार श्रोत्यांच्या गप्पांकडून कंपनीच्या क्रमवारीकडे सरकू लागला.

तरीही क्रमवारी पुरी पडली नाही, आणि त्याचे कारण ध्वनीच्या स्वभावात आहे. पुस्तक चाळता येते, चित्रफितीवर धावती नजर टाकता येते. तासाभराचा संवाद मात्र ऐकल्यावाचून कळत नाही. त्यामुळे आपला तास कोणाच्या शब्दावर खर्च करावा, हा प्रश्न पॉडकास्टच्या श्रोत्यापुढे सतत असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेली सारा कोनिग यांची ‘सीरियल’ ही मालिका एका जुन्या खून खटल्याचा माग काढत होती. ती आधी ‘धिस अमेरिकन लाइफ’ या प्रस्थापित रेडिओ कार्यक्रमाने आपल्या श्रोत्यांपुढे ठेवली आणि मग श्रोत्यांच्या आपसांतील वादांनी ती सर्वतोमुखी केली. मार्च २०१७ मध्ये तर एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओ संस्थेच्या पुढाकाराने अनेक निर्मात्यांनी ‘ट्रायपॉड’ ही मोहीम चालवली, जिचा सारा भर श्रोत्याने परिचितांना एखादा पॉडकास्ट सुचवावा आणि तो कसा ऐकायचा हे दाखवूनही द्यावे, यावर होता.

मराठीत ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ यांसारखे संवादप्रधान पॉडकास्ट बव्हंशी यूट्यूबवर पाहिले व ऐकले जातात. तेथे पुढे काय ऐकावे हे सुचवणारी यंत्रणा गणिती असते, आणि श्रोत्याने यापूर्वी जे ऐकले त्याच्यासारखेच ती पुढे करते. कौटुंबिक वा मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आलेली शिफारस निराळी असते, कारण सुचवणाऱ्याची आवड, वय, व्यवसाय आणि दुराग्रहही ऐकणाऱ्याला ठाऊक असतात, आणि त्या हिशेबानेच ती स्वीकारली किंवा सोडून दिली जाते. मात्र जुन्या पत्रांतील सार्वजनिकता या शिफारशीत उरलेली नाही. फर्माइश सारा देश ऐके, आजची शिफारस गटाबाहेर जात नाही आणि काही दिवसांत संदेशांच्या गर्दीत बुडून जाते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की माध्यम टंचाईचे असो वा विपुलतेचे, शिफारशीची किंमत तिच्याखालच्या ओळखीच्या नावावर ठरते. ते नाव पुरवण्याचे काम क्रमवारीला किंवा गणिती यंत्रणेला अद्याप साधलेले नाही. श्रोता संघांनी आपली पसंती लिहून, तारीख घालून आणि सही करून पाठवली, म्हणून एका पिढीच्या आवडीचा माग आज लावता येतो. मराठी पॉडकास्टच्या श्रोत्यांनी, वाचनालयांनी आणि महाविद्यालयीन मंडळांनी आपल्या शिफारशींची अशीच नावानिशी नोंद ठेवली, तर पुढील अभ्यासकाला या काळातील श्रोता आकड्यांपलीकडे भेटू शकेल.