गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे? कलम ३५०-ब चा पूर्वेतिहास आणि आजचा अर्थ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सुपे, म्हणजे आजच्या जोयडा तालुक्यातील गुंदसारखी गावे होती तिथेच राहिली. कारभाराची भाषा मात्र बदलली. नव्या सीमेने अल्पसंख्य ठरविलेल्या मराठी माणसाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न त्या दिवसापासूनचा आहे.

फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांचा उपयोग करावा, असे सुचविले होते. संसदेने निराळा मार्ग पत्करला. सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन कलमे आली. ३५०-अ अन्वये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करणे हे राज्याचे काम ठरले. ३५०-ब अन्वये राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमावयाचा होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक हे जुलै १९५७ मध्ये पहिले भाषिक अल्पसंख्याक आयुक्त झाले.

आयुक्तांची कर्तव्ये दोन: संरक्षणांबाबत अन्वेषण करणे आणि राष्ट्रपतींना अहवाल देणे. तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. राज्य शासनास आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मानवाधिकार आयोगाची स्थितीही फारशी वेगळी नाही. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यास आहेत. परंतु चौकशीअंती तो शिफारसच करू शकतो. शिवाय घटनेस एक वर्ष उलटल्यावर त्यास चौकशी करता येत नाही.

मग तक्रार करावी कशासाठी? कारण न नोंदविलेला अन्याय शासनाच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणून ते मराठीत द्यावे. केवळ ‘अन्याय होतो’ असे लिहून भागत नाही. वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी, हा निकष १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केला होता. तेव्हा मुलांची संख्या, अर्जाची तारीख, पोच आणि मिळालेले उत्तर निवेदनास जोडावे.

महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जेव्हा लागेल तेव्हा लागो. ३५०-अ ची जबाबदारी त्या निकालासाठी थांबलेली नाही. पहिलीत बसलेले मूलही थांबू शकत नाही.