आजीचा प्रश्न: बोटीवर वायरलेस आहे का?

हा भाग एक आठवडा उशिरा येतोय, कारण मी आणि बायको समुद्रावर होतो. मायामी ते बहामाजमधलं नासाऊ, चार रात्रींची क्रूझ. लग्नाला तीन वर्षं झाली आणि ही आमची पहिली खरी सुट्टी. निळं पाणी, नारळ, बफे, सगळं होतं. फोटो इन्स्टावर आहेत, तिकडे बघा. आज बोलायचंय ते आजीच्या एका प्रश्नाबद्दल.

बुकिंग झाल्यावर न्यू जर्सीहून अलिबागला व्हिडिओ कॉल लावला. आजीने ना तिकिटाचा दर विचारला, ना बेटांचं नाव. तिने एकच विचारलं, "बोटीवर वायरलेस आहे का रे?" मला वाटलं वायफाय. मी म्हटलं, "आहे गं आजी, पण त्याचे पैसे वेगळे." बायको हसली. आजी हसली नाही. बाबांनी फोन हातात घेतला आणि विषय बदलला.

नंतर लक्षात आलं. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट. दुसऱ्या दिवशी अमावस्या, लोक गटारीसाठी गावी निघालेले. पाऊस, वारा, मोठ्या लाटा. बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई एवढी जवळ, आणि तरी दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता, कारण बोटीवर वायरलेसच नव्हता. आजी तेव्हा सात वर्षांची. तिचा धाकटा काका त्या बोटीत होता. आमच्या घरी याबद्दल कधीच कुणी नीट बोललं नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

आता मायामीत या. आम्ही चढल्यावर पहिलं काम म्हणजे मस्टर ड्रिल. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, मग ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करायचं. लोक हातात ग्लास घेऊन येत होते. खरं सांगतो, मीही व्हिडिओ दुप्पट वेगात बघितला. पण आजीचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून रात्री केबिनमध्ये (पैसे भरून घेतलेल्या वायफायवर) याच मार्गाचा इतिहास वाचत बसलो. झोप उडाली.

12 नोव्हेंबर 1965 च्या संध्याकाळी 'यार्मथ कॅसल' नावाची बोट मायामीहून नासाऊला निघाली. आमचाच मार्ग. 376 प्रवासी, 176 कर्मचारी. बोट 1927 सालची, आतलं काम बरंचसं लाकडी, वर रंगाचे थरावर थर, झेंडा पनामाचा. मध्यरात्रीनंतर 610 नंबरच्या खोलीत आग लागली. त्या खोलीत प्रवासी नव्हते, जुन्या गाद्या भरून ठेवल्या होत्या. आग आपोआप विझवणारे पाण्याचे फवारे तिथे नव्हते. जिने चिमणीसारखे पेटले. लाइफबोटींच्या दोऱ्यांवर इतका रंग चढलेला की त्या कप्प्यांत अडकून बसल्या.

आणि वायरलेस? होता. पण ती खोलीच आगीत सापडली. एकही संदेश बाहेर गेला नाही. जवळून जाणाऱ्या 'फिनपल्प' या फिनलंडच्या मालवाहू बोटीला मागे लाल उजेड दिसला, म्हणून ती वळली, तिनेच तटरक्षक दलाला कळवलं. तिच्याकडे जी पहिली लाइफबोट पोहोचली, तिच्यात कोण होतं? यार्मथ कॅसलचा कप्तान. फिनिश कप्तानाने त्याला परत पाठवलं. 'बहामा स्टार' नावाची दुसरी प्रवासी बोटही मदतीला आली. सकाळी सहाच्या सुमारास यार्मथ कॅसल बुडाली. एकूण 90 माणसं गेली.

माझ्यातला इंजिनियर ज्या गोष्टीवर अडकला ती वेगळी आहे. आगीबद्दलचे नियम तेव्हाही होते! पण जुन्या बोटींना सूट होती, आणि झेंडा परदेशी असला की अमेरिकेचे कडक नियम लागू होत नव्हते. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. चालतंय ना, मग हात लावू नका. 1966 मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि आंतरराष्ट्रीय नियमांतही दुरुस्त्या झाल्या. जुन्या लाकडी बोटींचं दुकान तिथे बंद होत गेलं.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायामीहून 'सनवर्ड' निघाली. कोरी करकरीत नॉर्वेजियन बोट. खरं तर ती ब्रिटिश पर्यटकांना स्पेन-जिब्राल्टरकडे नेण्यासाठी बांधली होती. पण स्पेनचा जिब्राल्टरवरून वाद पेटला, ब्रिटिश सरकारने परदेशी नेण्याच्या पैशांवर मर्यादा घातली, आणि बोट रिकामी पडली. मालक क्नूट क्लोस्टर. इकडे मायामीत टेड अॅरिसनकडे गिऱ्हाईक होतं, बोट नव्हती. दोघांचं जमलं. पुढे फाटलंही, आणि 1972 मध्ये अॅरिसनने 'कार्निव्हल' काढली, जिची पहिलीच बोट पहिल्याच फेरीत मायामीबाहेर वाळूत रुतली. असो, तो वेगळा भाग होईल. आज जिला आपण कॅरिबियन क्रूझ म्हणतो तिची सुरुवात बरेच जण त्या सनवर्डपासून धरतात. मला मात्र तिच्या मागे एक वर्षापूर्वीची ती जळती बोट दिसत राहते.

आमच्या टेबलावरचा वेटर गोव्याचा, सासष्टीचा निघाला. बायको मालवणची, त्यामुळे दोघांचं लगेच जुळलं. त्याचे वडील, आजोबा, सगळे तारवटी; आजोबा मुंबईत धोबीतलावच्या कुडात राहून बोटीची वाट बघायचे. त्याच्या मुलीला त्याने सात महिने बघितलेलं नव्हतं. मी त्याला आजीचा प्रश्न सांगितला. तोही हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला वरच्या डेकवर नेऊन कठड्याजवळची एक छोटी पिवळी पेटी लांबून दाखवली. बोट बुडालीच तर ही पेटी पाण्याच्या दाबाने आपोआप सुटते, वर तरंगते आणि उपग्रहाला जागा कळवते. कुणी बटण दाबायला उरलं नसलं तरी.

नासाऊच्या धक्क्यावरून आजीला फोन लावला. म्हटलं, "आजी, वायरलेस आहे. बोट बुडाली तरी तो एकटा वर येऊन हाका मारतो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग विचारलं, "ते रेवसच्या लाँचीवर बसवलंय का रे?"